‘हा कॅन्सर आहे का, आणि डब्यातल्या पावडरीनं जाईल का?’

पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. वय ३१. सासर-माहेर एकाच तालुक्यात, म्हणून आईकडे येणं-जाणं असते. आई ५५ वर्षांची आहे, पाळी जाऊन चार वर्षं झाली. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येते, झोप नाही, म्हणून जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांनी तिला हार्मोनची गोळी दिली होती. ती तिनं तीन वर्षं घेतली, मेडिकलमधून परस्पर आणून. यंदा पोळ्याच्या सुमारास तिच्या अंगावरून लाल जायला लागलं. कोणाला बोलली नाही. दिवाळीला मी गेली तेव्हा धुण्यात मला दिसलं. विचारलं तर म्हणते, ‘उष्णतेनं जाते वं थोडंसं, मले काही नाही झालं.’

ओढून यवतमाळला नेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर १३ मिलिमीटर निघालं. पिशवी धुऊन तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टवर लिहिलं आहे ‘एंडोमेट्रियल हायपरप्लेझिया विदाउट ॲटिपिया’. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या गोळ्या सुरू करू, सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा घेऊ. आईचं वजन ७६ किलो आहे, आणि शुगरही त्याच दिवशी निघाली.

घरी आल्यावर जो तो बोलायला लागला. काकू म्हणते, पिशवीच काढून टाका, कटकट नको. मावसभाऊ एका कंपनीचे डबे विकते. त्यानं मोबाइलवर दाखवलं की हार्मोनमुळे शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होते, त्यानं पेशी बदलतात, मग कॅन्सर होते, आणि अँटिऑक्सिडंट पावडर घेतली की सगळं धुऊन निघते. डबा ३२०० रुपयांचा, एक महिना पुरते, सहा डबे घ्या म्हणते. आईला गोळ्यांची आता भीतीच बसली आहे. म्हणते, डबा घेऊ, पण गोळी नको, अन् वेचणी संपेपर्यंत दवाखान्याचं नावच काढू नका. हा कॅन्सर आहे का? गोळीनं झाला का? मोबाइलवरचं खरं आहे का? पिशवी काढायची का? आणि मला पण होईल का?

— एक लेक

उत्तर:

लेकी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज तुला झोप लागेल. नाही, हा कॅन्सर नाही. रिपोर्टमधले शेवटचे दोन शब्द, ‘विदाउट ॲटिपिया’, हे त्या कागदावरचे सगळ्यात मोलाचे शब्द आहेत. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर हवं त्यापेक्षा जास्त वाढलंय, पण त्यातल्या पेशींचं रूप बिघडलेलं नाही, असा त्याचा अर्थ. अशा शंभर बायकांमागे पुढच्या वीस वर्षांत पाचपेक्षाही कमी जणींना कॅन्सर होतो. औषध नीट घेतलं तर बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं.

तू धुण्यातले डाग पाहून गप्प बसली नाहीस, आईला ओढून नेलंस, हे फार मोठं काम केलंस. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी लाल दिसलं तरी ते तपासायचंच असतं. अशा शंभर जणींमध्ये नऊ-दहा जणींना खरोखर कॅन्सर निघतो. बाकीच्यांना आईसारखी अस्तराची वाढ असते, छोटा कोंब असतो, नाहीतर नुसता कोरडेपणा असतो. कोणाला काय आहे ते बाहेरून कळत नाही. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं की तुकडा घेतात. आईचं तेरा होतं. म्हणजे यवतमाळच्या डॉक्टरांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं, आणि पुढचा जो बेत सांगितला तोही बरोबर आहे. माझं अर्धं उत्तर इथंच संपतं. उरलेलं अर्धं घरातल्या माणसांसाठी आहे, कारण अडथळा तिथं आहे.

आता गोळी. हो, त्या गोळीचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. तिचं रिकामं पान घरात सापडलं तर त्यावरची नावं वाच. नुसतं इस्ट्रोजेन आहे, की सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं औषधही आहे? सगळा फरक तिथं पडतो.

तुझ्या घरी पऱ्हाटी आहे, म्हणून शेतातलंच सांगते. युरिया जास्त पडला की झाड कसं माजतं, पानोराच पानोरा होतो, उंची वाढतच जाते. मग आपण शेंडा खुडतो. वाढ थांबते आणि झाड बोंडाकडे वळतं. पिशवीच्या अस्तराला इस्ट्रोजेन म्हणजे तो युरिया. पेशींना ते ‘वाढा, दुप्पट व्हा’ म्हणत राहतं. प्रोजेस्टेरॉन शेंडा खुडतं, वाढ थांबवून अस्तर पक्व करतं. पाळी चालू असते तेव्हा दर महिन्याला ही दोन्ही कामं ओळीनं होतात आणि अस्तर गळून जातं. पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजेन देत राहिलं तर शेंडा खुडणारं कोणी उरत नाही.

ही गोष्ट वैद्यकाला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. पाळी जाताना नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त होतो, हे दाखवणारे दोन अभ्यास अमेरिकेत १९७५ मध्ये एकाच वेळी छापून आले. तेव्हापासून नियम झाला: जिची पिशवी जागेवर आहे तिला इस्ट्रोजेन एकटं द्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायचंच. जिची पिशवी आधीच काढली आहे तिला एकटं चालतं, कारण वाढायला अस्तरच नाही. तुझ्या आईला तपासण्याविना, जोडीच्या औषधाविना तीन वर्षं गोळी मिळत राहिली असेल तर ते चुकलं. देणाऱ्याचं चुकलं, आणि चिठ्ठीविना विकणाऱ्याचंही. आईचं चुकलं नाही. तिला घामानं झोप येत नव्हती, तिनं उपाय मागितला.

पण एक काळजी घे. यातून ‘हार्मोनची गोळी म्हणजे कॅन्सर’ असं गावात पसरू देऊ नकोस. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असं काही कानावर आलं की दुसऱ्या दिवशी आशाताईकडच्या माला-एनच्या गोळ्या बायका नको म्हणतात. पाळणा लांबवायच्या त्या गोळीत दोन्ही हार्मोन असतात. ती घेतल्यानं अस्तराच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, आणि तो फायदा गोळी सोडल्यावरही बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र घेत असताना किंचित वाढतो. पाळी गेल्यानंतर घ्यायच्या जोडगोळीचंही असंच आहे. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेला मोठा अभ्यास २००२ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. किती? वर्षाला दहा हजार बायकांमागे तीसच्या जागी अडतीस. वाढ खरी आहे, पण तेवढीच आहे. ज्या बाईला वाफांनी जगणं नकोसं झालंय तिनं हा आकडा समोर ठेवून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. घाबरून नाही, आणि परस्पर मेडिकलमधूनही नाही.

आता तुझ्या मावसभावाच्या मोबाइलकडे येते. त्यानं दाखवलं ते सगळं खोटं नाही. म्हणूनच ते पटतं. नीट उलगडून सांगते, म्हणजे त्याच्याशी बोलताना तुझ्याकडे शब्द असतील.

इस्ट्रोजेन वापरून झालं की शरीर ते मोडून बाहेर टाकतं. हे काम मुख्यतः यकृतात होतं, पण थोडंथोडं स्तनात आणि पिशवीच्या अस्तरातही होतं. मोडताना जी रूपं तयार होतात त्यांतलं एक बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. दुसरं, ज्याला ४-हायड्रॉक्सी इस्ट्रोजेन म्हणतात, ते पुढे क्विनोन नावाच्या पदार्थात बदलतं. हे क्विनोन थेट डीएनएला चिकटतं आणि त्यातली अक्षरं गळून पडतात. शिवाय ते एक पाऊल मागं जातं, परत क्विनोन होतं, परत मागं जातं, आणि प्रत्येक फेरीत ऑक्सिजनचे तापट कण मोकळे होतात. हे कण आजूबाजूच्या पेशीतल्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला जाळतात. शरीराकडे त्यांचा बंदोबस्त असतोच. ग्लुटाथायॉन आहे, कॅटलेज आहे, आणखीही आहेत. अशा बंदोबस्त करणाऱ्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. कण जास्त झाले आणि बंदोबस्त तोकडा पडला की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

ही अवस्था डोळ्यांनी पाहायची असेल तर फार लांब जावं लागत नाही. तुमच्या घरात कोणी खर्रा खात असेल तर त्याच्या गालाच्या आत बघ. सुपारीतले पदार्थ चुन्याशी मिसळले की तोंडातल्या तोंडात हेच तापट कण तयार होतात. तंबाखूचं विष वेगळं. गालाचं मऊ गुलाबी अस्तर हळूहळू पांढरट, राठ होतं, आत दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. तो बदललेला गाल म्हणजे कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचा मुक्काम आहे. आईच्या पिशवीच्या काळजीत घरातल्या पुरुषांचं तोंड तपासायचं राहू नये, म्हणून एवढं लिहिलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांना ते दाखवता येतं.

तर, पावडरवाले कशाच्या आधारावर बोलतात? सीरियन हॅमस्टर नावाचा एक उंदरासारखा प्राणी आहे. त्याच्या नराच्या कातडीखाली इस्ट्रोजेनची गोळी बसवली की काही महिन्यांत त्याच्या मूत्रपिंडात कॅन्सरच्या गाठी होतात. गाठी दिसण्याच्या कितीतरी आधी त्या मूत्रपिंडात तापट कणांच्या खुणा सापडतात, पेशी बदलायला लागलेल्या दिसतात. हार्मोनमुळे कॅन्सर कसा होतो हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी हा प्राणी दशकानुदशकं वापरला. आणि हेही खरं आहे की इस्ट्रोजेनसोबत क जीवनसत्त्व दिलेल्या हॅमस्टरांत गाठी कमी झाल्या. इथपर्यंत तुझा भाऊ बरोबर.

पण गोष्ट इथं थांबत नाही. प्राण्यांवर असं आशादायक दिसलं म्हणूनच माणसांवर करून पाहिलं गेलं, आणि तेही प्रचंड प्रमाणावर. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीन दिलं, जे गाजरात असतं, ज्याला सगळे अँटिऑक्सिडंट म्हणतात. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता. तो १९९६ मध्ये मुदतीआधी बंद केला, कारण तिथं वाढ २८ टक्के होती. मग ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला, तो तर प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी. २०११ चा निकाल: ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त.

कॅन्सर अडवायला दिलेल्या गोळीनं कॅन्सर वाढला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही धक्का बसला होता, कारण तोवर मी स्वतः कितीतरी बायकांना अशा कॅप्सूल लिहून देत होते. नंतर विचार केला तर उमजलं. ते तापट कण शरीराला लागतातही. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात. बिघडलेली पेशी स्वतःला संपवते तेव्हाही त्यांचा हात असतो. बाहेरून ढीगभर अँटिऑक्सिडंट ओतलं तर ते चांगल्या पेशीला वाचवेल आणि वाईट पेशीला सोडून देईल, असं त्याला कळत नाही. बिघडू लागलेल्या पेशीलाही ते पांघरूण घालतं.

आईच्या बाबतीत दुसरी अडचण याहून मोठी आहे. समजा, पावडरीनं ते कण थोडे कमी केले. तरी ‘वाढा, दुप्पट व्हा’ हा निरोप तर चालूच राहतो. माणसाच्या पिशवीत अस्तर बिघडण्याची मुख्य वाट हीच आहे: नुसत्या इस्ट्रोजेनचा निरोप, त्यानं पेशींची सततची विभागणी, आणि प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल करताना राहून जाणाऱ्या चुका. पावडर शेंडा खुडत नाही. ते काम प्रोजेस्टेरॉनच करतं. आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी तेच सुरू करायला सांगितलंय.

आईला गोळीची भीती बसली आहे ना, तिला हे सांग: जुनी गोळी युरिया होती, नवी गोळी शेंडा खुडणारी आहे. दोन्हीला लोक ‘हार्मोनची गोळी’च म्हणतात, पण काम उलटं आहे. जुनी गोळी आजपासून बंद. नवी रोज, न चुकवता, निदान सहा महिने. रोज गोळी घेणं जमत नसेल तर दुसरा मार्गही आहे, आणि मला तो आईच्या वयात जास्त आवडतो. तांबीसारखंच दिसणारं एक साधन पिशवीत बसवतात. त्यात तांबं नसतं, लिव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असतं. ते रोज थोडं थोडं थेट अस्तरावर पाझरतं, अंगभर फार कमी जातं. अशा वाढीवर ते तोंडानं घ्यायच्या गोळीपेक्षा जास्त गुणकारी ठरलंय. ‘ते बसवता येईल का?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत आवर्जून विचार.

आता काकूचं म्हणणं: पिशवीच काढून टाका. हे वाक्य मी आपल्या भागात इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की माझा जीव तुटतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये साऱ्या राज्यानं ऐकलं, सरकारला समिती नेमावी लागली. आपल्याकडेही बाईची पिशवी म्हणजे मुलं झाली की अडगळ, असा समज आहे. पिशवी काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल आहे, रक्त जाणं आहे, आणि शुगर असलेल्या, वजन जास्त असलेल्या बाईची जखम भरायला वेळ लागतो. ॲटिपिया नसताना पहिला उपाय औषधाचाच.

मात्र पिशवी काढणं योग्य ठरतं अशा वेळाही आहेत, आणि त्या वेळी मागं हटायचं नाही. पुढच्या तुकड्यात ॲटिपिया निघाला तर. वर्षभर औषध घेऊनही अस्तर पूर्ववत झालं नाही तर. बरं होऊन पुन्हा वाढलं तर, किंवा रक्त जाणं थांबतच नसेल तर. ॲटिपिया असलेल्या अस्तराची गोष्ट वेगळीच असते. जुन्या एका अभ्यासात, दाट वाढ आणि ॲटिपिया दोन्ही असलेल्या आणि उपचार न झालेल्या बायकांपैकी २९ टक्के जणींना पुढे कॅन्सर झाला. आईची साधी वाढ आणि ती वाढ यांच्यातलं अंतर केवढं आहे ते यावरून लक्षात येईल. साधी वाढ, मग दाट वाढ, मग पेशींचं रूप बिघडणं, मग कॅन्सर. या पायऱ्या एका रात्रीत चढल्या जात नाहीत, वर्षं लागतात, आणि खालच्या पायरीवरून परत उतरता येतं. सहा महिन्यांनी तुकडा घ्यायचा तो आई कोणत्या पायरीवर आहे हे पाहण्यासाठी. लागोपाठ दोन तुकडे स्वच्छ आले की काळजीचा मोठा भाग संपतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली होती, आईच्याच वयाची. तिचाही पहिला रिपोर्ट असाच होता. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, रक्त थांबलं, ती निंदणाला लागली आणि रिपोर्ट ट्रंकेत गेला. चार वर्षांनी आली तेव्हा मला तिला नागपूरला पाठवावं लागलं. रक्त थांबणं म्हणजे अस्तर बरं होणं नव्हे. ते फक्त तुकडा सांगतो. पिशवीच्या तोंडाची जी तपासणी आरोग्य केंद्रात होते तीही याला पुरत नाही. तोंड वेगळं, आतलं अस्तर वेगळं.

वेचणीचं काय? आईचं म्हणणं मला समजतं. कापूस फुटलेला आहे, बायका मिळत नाहीत, भाव आज आहे तो उद्या नसतो. आणि खरं सांगू, वेचणी बुडवायची गरजच नाही. गोळी सुरू करायला एक दिवस लागतो. ती चालू ठेवून आई रोज शेतात जाऊ शकते. आज गोळी सुरू झाली तर पुढचा तुकडा थेट उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी येतो. तेव्हा शेत मोकळं असतं. ती तारीख कालनिर्णयवर आत्ताच लिहून ठेव. तोवर तासातासाला कापड बदलावं लागेल इतकं रक्त गेलं, चक्कर आली, किंवा पोटऱ्या दुखून एक पाय सुजला, तर मात्र वेचणी सोडून त्याच दिवशी दवाखाना.

शुगर आणि वजन या दोन गोष्टी तू पत्रात जाताजाता लिहिल्यास, पण त्या पिशवीशी जोडलेल्या आहेत. पाळी गेल्यावर अंडाशय थकतात, तरी चरबी स्वतः इस्ट्रोजेन बनवत राहते. चरबी जास्त तर ते जास्त. म्हणजे जुनी गोळी बंद केली तरी एक छोटा युरियाचा पोता घरातच आहे. वजन थोडं उतरलं, शुगर ताब्यात आली, तर औषधाला फार बळ मिळतं. त्यासाठी डबा नको. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडी, जवसाची चटणी हे सगळं तुमच्याकडे आहे, फक्त तेल आणि दिवसातून पाच वेळा गोड चहा कमी करायचा. अँटिऑक्सिडंटच हवं असेल तर आपल्या भागात संत्रं आहे, आवळा आहे. अन्नातून मिळतं तेवढं शरीराला पचतं. वरच्या प्रयोगांत वाढलेला धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेचा होता, फळाचा नव्हता. आणि सोयाबीनबद्दल कोणी काही सांगितलं तर घाबरू नकोस. त्यात इस्ट्रोजेनसारखा एक दुबळा पदार्थ असतो, पण जेवणातल्या सोयाबीननं आईचं काही बिघडत नाही.

सहा डब्यांचे १९,२०० रुपये होतात. एवढ्या पैशात आईचा पुढचा तुकडा, सोनोग्राफी, गोळ्या आणि यवतमाळच्या खेपा होऊन पैसे उरतील, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेलीस तर अजून उरतील. दुसरं मत हवं असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला लांब नाही. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेची स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घे. दुसरे डॉक्टर तोच तुकडा पुन्हा पाहू शकतात, आईला पुन्हा भूल द्यावी लागत नाही. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तो सांगतो.

भावाशी भांडू नकोस. त्याला फसवायचं असेल असं मला वाटत नाही. त्याला जे शिकवलं ते तो सांगतो. हॅमस्टरचं खरं आहे असं आधी कबूल कर, मग त्याला फिनलंडचं सांग. आणि आईनं डबा घेतला असेलच तर तो फोडू नका. शुगरच्या औषधासोबत त्यातलं काय जुळतं, काय नाही, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

राहिला तुझा प्रश्न. आईला हे झालं म्हणून तुला होईल असं नाही. आईचं कारण बाहेरून आलेलं दिसतं. तुला आत्ता कुठलीही तपासणी नको. पण तुझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबत असेल तर दाखव, कारण तेव्हाही प्रोजेस्टेरॉन कमी पडून अस्तर असंच वाढतं, तरुण वयातसुद्धा. आणि माहेरच्या नात्यात पन्नाशीच्या आत कोणाला आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला असेल, तेही एकापेक्षा जास्त जणांना, तर ते डॉक्टरांना आठवणीनं सांग.

खालचे चार शब्द तुझ्या आईसाठी. तिला वाचून दाखव.

बाई, तुम्ही डाग लपवले ते लाजेपायी हे मला ठाऊक आहे. आपल्या बायकांना असंच वाढवलंय. पण तुमच्या लेकीनं ते पाहिले आणि वेळेवर पाहिले. तुमची पिशवी अजून शाबूत आहे, तिच्यात कॅन्सर नाही. नवी गोळी रात्री जेवण झालं की घ्या, वेचणीला खुशाल जा. वाफा निघतात त्याचं मी विसरले नाही. त्यावर हार्मोन नसलेली औषधंही मिळतात, पुढच्या भेटीत तेही स्वतः तोंड उघडून सांगा, लेकीला सांगायला लावू नका. आणि जाताना त्या जुन्या गोळीचं रिकामं पान पदराला बांधून न्या.